मातीच्या भांड्यातले खरेदीखत

प्रिय भगिनी,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आपले चार पानी पत्र मी तीन वेळा वाचले. आपल्या अनुमतीने, ओळख पटेल असा तपशील गाळून, त्याचा आशय प्रथम इतर वाचकांसाठी देतो. आपण ५४ वर्षांच्या असून परिचारिका म्हणून ३० वर्षे नोकरी केली आहे. सव्वादोन वर्षांपूर्वी आपल्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. त्यात त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली आणि डावा हात तेवढा चालता राहिला. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर भरलेल्या एका सभेत बाहेरगावच्या उपदेशकाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून 'येत्या नाताळच्या उपासनेला हे स्वतःच्या पायांनी चालत येतील' असे सर्वांसमक्ष जाहीर केले आणि निघताना रक्तदाबाच्या गोळ्या बंद करण्यास सांगितले, कारण गोळी घेणे म्हणजे अविश्वास. आपण गोळ्या बंद केल्या नाहीत. नाताळ आला आणि गेला. आता गुरुवारच्या प्रार्थना सभेतील काही जण आपल्या तोंडावरच म्हणतात की, आपला विश्वास उणा पडला म्हणून देवाचा हात आखडला. आपण रात्री देवाशी भांडता, कधी कधी त्याला बोलू नये ते बोलता, आणि सकाळी त्याची लाज वाटते. आपण तीन प्रश्न विचारले आहेत. देवाकडे अशी तक्रार करणे पाप आहे काय? गोळ्या चालू ठेवल्यामुळे यजमानांचे बरे होणे हुकले काय? आणि विश्वासच उरला नसेल, तर १९ वर्षे चालवलेला शब्बाथ शाळेचा वर्ग सोडून द्यावा काय?

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात जिवाचा धोका आहे. गोळ्या चालू ठेवल्यात हे योग्यच केलेत आणि यापुढेही डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय त्यांत एका गोळीचाही बदल करू नये. पक्षाघाताचा एक झटका येऊन गेलेल्या माणसाला दुसरा येऊ नये म्हणून रक्तदाब आटोक्यात ठेवणे किती महत्त्वाचे असते, हे मी आपणास सांगावे असे नाही. ज्या गोष्टीची आपल्याला टोचणी लागली आहे, त्याच गोष्टीमुळे कदाचित आपले यजमान आज आपल्याजवळ आहेत. बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याला आपल्या लोकांची दुर्दशा पाहून रडू कोसळले, तेव्हा त्याच्या तोंडून प्रश्न निघाला तो असा : गिलादात मलम नाही काय? तेथे कोणी वैद्य नाही काय? औषध आणि वैद्य ही देवाला न रुचणारी गोष्ट असती, तर देवाच्या मनातले दुःख सांगायला संदेष्ट्याने नेमकी हीच उपमा घेतली नसती.

यिर्मयाचे नाव ओघात आले असले तरी आपले पत्र वाचताना पहिल्यापासून मला तोच आठवत होता, आणि बाकीचे उत्तरही मी त्याच्याच आयुष्याच्या आधाराने देणार आहे. यरुशलेमच्या ईशान्येला जेमतेम पाच किलोमीटरवर असलेल्या अनाथोथ या गावातील याजक घराण्यात तो जन्मला. योशीया राजाच्या कारकिर्दीच्या १३ व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२७ च्या सुमारास, त्याला पाचारण झाले तेव्हा 'मला बोलता येत नाही, मी अजून लहान आहे' असे म्हणून त्याने मागे सरण्याचा प्रयत्न केला होता. पुढे ४० वर्षे तो बोलत राहिला आणि त्याचे ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. त्याला लग्न करण्याची मनाई होती. त्याच्याच गावच्या लोकांनी त्याच्या जिवावर उठण्याचा कट केला. ज्या यरुशलेमसाठी तो आयुष्यभर तळमळला, ते नगर इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने जाळले आणि ते त्याला पाहावे लागले. विश्वास असला की सगळे सुरळीत होते, या हिशेबाने मोजायचे झाल्यास यिर्मयाइतका अविश्वासू माणूस शोधून सापडणार नाही.

आपल्या त्या सभेसारखाच एक प्रसंग यिर्मयाच्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमवर एकदा चाल करून मंदिरातील पात्रे आणि हजारो माणसे नेली होती. मागे राहिलेल्यांना एकच ऐकायचे होते, की हे संकट लवकर टळेल. यिर्मया मात्र मानेवर लाकडी जू घेऊन हिंडत होता आणि हे जू इतक्यात उतरणार नाही असे सांगत होता. अशा वेळी गिबोनचा हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर उभा राहिला आणि त्याने देवाच्या नावाने सांगून टाकले की, दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल, पात्रे परत येतील, माणसेही परत येतील. मुदतीसकट वचन. ऐकणाऱ्यांना केवढा धीर आला असेल! आणि यिर्मयाने काय केले? तो प्रथम 'आमेन' म्हणाला. परमेश्वर तसेच करो, असे तो म्हणाला. हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण यिर्मयालाही मनापासून तेच हवे होते. लोक परत यावेत, जखम भरावी, हीच त्याचीही इच्छा होती. परंतु आपल्याला एखादी गोष्ट हवी आहे म्हणून देवाने ती सांगितली आहे असे होत नाही, हे त्याला कळत होते. हनन्याने पुढे होऊन त्याच्या मानेवरचे जू काढून मोडले, आणि शास्त्र सांगते की यिर्मया निमूटपणे आपल्या वाटेने निघून गेला.

त्या सभेत यजमानांच्या डोक्यावर हात ठेवला गेला तेव्हा आपणही 'आमेन' म्हणालात, असे आपण लिहिले आहे, आणि ते मनापासून होते की नाही याची आपल्याला आज शंका येते. ते मनापासूनच होते. यिर्मयाचेही होते. मुदत टळली याचा दोष मुदत देणाऱ्याकडे जातो, ज्याच्या घरी खाट आहे त्याच्याकडे नव्हे, आणि 'आपला विश्वास उणा पडला' असे जे सांगतात ते दुसऱ्याने दिलेल्या धनादेशाची रक्कम आपल्या खात्यातून वसूल करत आहेत.

हे मी त्रयस्थपणे लिहू शकत नाही. पाळक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली त्या वर्षी, तापाने फणफणलेल्या एका लहान मुलाच्या आईला मी दवाखान्याच्या व्हरांड्यात 'काळजी करू नका, देव त्याला नक्की बरे करणार आहे' असे सांगितले होते. देवाने मला तसे काही सांगितलेले नव्हते. त्या आईचा चेहरा मला पाहवत नव्हता, म्हणून मी ते बोललो. मूल दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. पुढे कित्येक महिने ती बाई उपासनेत मागच्या बाकावर बसून माझ्याकडे नुसती पाहत असे. तिने मला कधी जाब विचारला नाही. पुष्कळ वर्षांनी मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली, तेव्हा ती म्हणाली, "पाळकसाहेब, मी तेव्हापासून माझ्यात काय पाप होते तेच शोधत होते." माझ्या एका वाक्याने एका आईला इतकी वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. भगिनी, आपणही आज त्याच पिंजऱ्यात उभ्या आहात, म्हणून माझ्या बाजूने मी आपल्याला अगदी स्पष्टपणे सांगतो की, तेथून खाली उतरा.

याच यिर्मयाच्या ६ व्या अध्यायात, शांती नसताना 'शांती, शांती' म्हणणारे लोक माझ्या प्रजेची जखम वरवर बरी करतात, असे देवाचे बोल आहेत. आपण इतकी वर्षे मलमपट्टी केली आहे. वरून कातडी धरलेली आणि आत पू असलेली जखम पुन्हा उघडावी लागते, नाहीतर ती माणसाला आतून खाते, हे आपल्याइतके कोणाला माहीत असणार? प्रार्थना सभेत आपल्याला पुन्हा तसे कोणी बोलले, तर उत्तर देत बसण्याचे कारण नाही. आपणही निमूटपणे आपल्या वाटेने निघावे. मात्र मंडळीच्या पाळकांना एकदा भेटून, घडलेले सर्व काही गोळ्यांसकट त्यांच्या कानावर घालावे, कारण उद्या दुसऱ्या एखाद्या घरी कोणी खरोखरच औषध थांबवील.

आता तक्रारीविषयी. आपण देवाला जे बोललात ते पत्रात लिहिलेले नाही, 'ते कागदावर उतरवण्यासारखे नाही' एवढेच म्हटले आहे. यिर्मयाने मात्र ते कागदावर उतरवून ठेवले. उन्हाळ्यात ओढ्याचे पाणी कसे दगा देते ते आपल्याकडच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. लांबून तहानलेला माणूस भरवशाने यावा आणि पात्रात नुसती वाळू दिसावी, तसे. १५ व्या अध्यायात यिर्मया देवाला विचारतो की, तू मला अशा दगा देणाऱ्या ओढ्यासारखा होणार आहेस काय? २० व्या अध्यायात तो याहून पुढे जातो. पशहूर नावाच्या याजकाने त्याला मारहाण करून रात्रभर खोड्यात अडकवले होते, आणि सुटल्यावर तो देवाला म्हणतो की तू मला फसवलेस, माझ्यावर जबरदस्ती केलीस, आणि मी दिवसभर लोकांच्या हसण्याचा विषय झालो आहे. त्याच अध्यायाच्या १३ व्या वचनात तो परमेश्वराला गीत गा, त्याचे स्तवन करा असे म्हणतो, आणि लगेच १४ व्या वचनात, ज्या दिवशी मी जन्मलो तो दिवस शापित असो. मधे एका ओळीचेही अंतर नाही. रविवारी सकाळी स्तोत्र म्हणणे आणि त्याच रात्री तोंड उशीत खुपसून देवाला दोष देणे या दोन गोष्टी एकाच तोंडाला शक्य नाहीत, असे आपल्याला वाटते. पवित्र शास्त्राला तसे वाटत नाही. हे पुस्तक ज्यांनी जपले, नकलून ठेवले, त्यांनी ती १४ वी ओळ गाळली नाही.

यावर देवाने काय उत्तर दिले ते पाहिले तर ते नेहमीच गोड आहे असेही नाही. १२ व्या अध्यायात तो यिर्मयाला विचारतो की, पायी धावणाऱ्यांबरोबर धावून तू दमलास, तर घोड्यांबरोबर कसा धावशील? हे वाक्य मला आजही कठोर वाटते आणि त्याला मऊ करण्याचा मी प्रयत्न करणार नाही. पण देवाने त्याला एकदाही असे म्हटले नाही की, तू असा बोललास म्हणून आता माझ्यासमोर येऊ नकोस. १५ व्या अध्यायात तर त्या ओढ्याच्या आरोपानंतर, टाकाऊ बोलणे सोडून मोलाचे बोलशील तर तू माझे मुख होशील, असे देव त्याला सांगतो, म्हणजे कानउघाडणी करतो आणि कामावरही ठेवतो. देवाशी भांडणारा माणूस देवाकडे तोंड करून उभा असतो. ज्या मातीत तुकोबांनी विठ्ठलाला धारेवर धरले, त्या मातीतल्या आपल्या मंडळ्यांना ही गोष्ट एवढी अवघड का वाटावी, हे मला खरोखर कळत नाही. आपला विश्वास गेला असता, तर रात्री दोन वाजता आपण कोणाशी भांडला असता?

पत्राच्या तिसऱ्या पानावर मात्र एक वाक्य आहे, 'सकाळ होऊच नये असे कधी कधी वाटते', आणि त्यावरून मी पुढे जाऊ शकत नाही. यिर्मयालाही असे वाटले होते, म्हणून यात लाजण्यासारखे काही नाही, परंतु परिचारिका या नात्याने आपण हे वाक्य एखाद्या रुग्णाच्या तोंडून ऐकले असते, तर त्याची नोंद करून डॉक्टरांना कळवले असते. तेच आता स्वतःसाठी करावे. या आठवड्यातच आपल्या डॉक्टरांशी स्वतःच्या मनाविषयी आणि झोपेविषयी बोलावे, आणि एखादी रात्र फारच जड गेली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य आहे आणि रात्रीही चालू असतो. दवाखान्यातून आणलेली गोळी यजमानांसाठी अविश्वास नव्हती, तशी ती आपल्यासाठीही नाही.

आपण लिहिता की पूर्वी आपण उपास करत होता, रात्रभर प्रार्थना करत होता आणि आता 'नुसती सेवा' करता. दर दोन तासांनी यजमानांची कूस बदलायची, पाठीला तेल लावायचे, टाचेला जखम होऊ नये म्हणून पोटरीखाली जुन्या लुगड्याची घडी सरकवून टाच अधांतरी ठेवायची. ही 'नुसती सेवा' आहे असे आपण म्हणता, म्हणून आपल्याला ३८ वा अध्याय सावकाश वाचायला सांगावेसे वाटते. यरुशलेमला वेढा पडलेला असताना सरदारांनी यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकातील एका हौदात दोरांनी सोडले. हौदात पाणी नव्हते, चिखल होता, आणि यिर्मया त्या चिखलात रुतला. राजवाड्यात चाकरीला असलेला एबद-मलेख नावाचा एक कूशी माणूस होता. तो परदेशी होता, खोजा होता, नगरात त्याचे वजन ते काय असणार? पण वेशीत बसलेल्या राजाकडे तो उघडपणे गेला, हा माणूस तेथे उपासमारीने मरेल असे म्हणाला आणि त्याला बाहेर काढण्याची परवानगी घेऊन आला. यानंतर त्याने केलेली गोष्ट शास्त्राने इतक्या बारकाईने का नोंदवली असावी, याचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. दोर घेऊन तो थेट हौदाकडे धावला नाही. आधी राजवाड्यातील कोठाराखालच्या खोलीत जाऊन त्याने जुनेर आणि चिंध्या गोळा केल्या, त्या दोरांनी खाली सोडल्या आणि वरून सांगितले की, या काखेत धरा आणि मग त्यावरून दोर घ्या. उपाशी माणसाच्या हाडांना दोर काचतो, म्हणून.

पुढच्याच अध्यायात नगर पडते, आणि त्याच अध्यायात देव यिर्मयाकरवी एबद-मलेखला निरोप पाठवतो की तुझा जीव वाचेल, कारण तू माझ्यावर भरवसा ठेवलास. त्याने केलेल्या कोणत्याही प्रार्थनेची नोंद नाही, उपासाची नाही, साक्षीची नाही. नोंद आहे ती राजासमोर उभे राहण्याची आणि चिंध्यांची, आणि देव त्याला भरवसा म्हणतो. आपली ती लुगड्याची घडी मला तिथेच ठेवावीशी वाटते.

त्या प्रसंगातील आणखी एक तपशील आपल्या कामाचा आहे. राजाने एबद-मलेखबरोबर ३० माणसे दिली होती. आपण सव्वादोन वर्षे एकट्या दोर ओढत आहात. मंडळीतील जी माणसे सल्ला देण्यास येतात, त्यांना आता काम सांगावे, आणि ते नेमके सांगावे. 'प्रार्थनेत आठवण ठेवा' असे मोघम नको. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री दहा ते पहाटे चार कोणीतरी यजमानांजवळ बसावे म्हणजे आपल्याला सलग सहा तास झोप मिळेल, महिन्यातून दोनदा फिजिओथेरपीला नेण्यासाठी कोणाची तरी गाडी असावी, आणि त्यांना उचलताना दुसरा माणूस असावा, कारण आपली कंबर गेली तर घरात दोन रुग्ण होतील. ३० जणांना विचारले तर चार जण मिळतील. चार पुरेसे आहेत. आपला मुलगा पुण्याला असतो आणि आता उपासनेला जात नाही, याचे दुःख आपण एका ओळीत लिहिले आहे. त्याच्याशी सध्या उपासनेविषयी बोलू नये, महिन्यातून एक शनिवार-रविवार वडिलांजवळ राहायला बोलवावे.

राहिला वर्गाचा प्रश्न. पत्रात तो शेवटी आला आहे, पण मला वाटते आपले मन सर्वांत जास्त तेथेच अडकले आहे. दर रविवारी मंडळीच्या व्हरांड्यात चटईवर बसणाऱ्या १४ मुलांसमोर, स्वतःला खात्री नसताना, देवाच्या अभिवचनांविषयी बोलणे हा ढोंगीपणा आहे असे आपल्याला वाटते.

३२ व्या अध्यायात यिर्मया कैदेत आहे. सिद्कीया राजाचे १० वे वर्ष चालू आहे. तटाला बाहेरून बाबेलच्या सैन्याचे मोर्चे भिडले आहेत. नगरात दुष्काळ आणि रोगराई आहे. काही दिवसांपूर्वी वेढा तात्पुरता उठला असताना यिर्मया बन्यामिनाच्या मुलखाकडे निघाला होता, तर शत्रूला फितूर झाल्याच्या आरोपावरून त्याला वेशीतच धरले होते. आता पहारेकऱ्यांच्या चौकात त्याला भाकरी भाजणाऱ्यांच्या आळीतून रोज एक भाकरी मिळते, तीही नगरात भाकर शिल्लक आहे तोवरच. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो की, अनाथोथमधले माझे शेत तू विकत घे, कारण ते सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. वडिलोपार्जित जमीन घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून जवळच्या नातलगाने ती घ्यावी, असा त्यांच्यात नियम होता. अनाथोथ म्हणजे तेच गाव, जेथल्या माणसांनी त्याच्या जिवावर उठण्याचा कट केला होता, आणि वेढा घालून बसलेल्या शत्रूच्या मुलूखगिरीत ते आता केव्हाच गिळले गेले होते. तसे पाहता अशा जमिनीला कोणी दमडीही मोजली नसती.

यिर्मयाने १७ शेकेल रुपे मोजून दिले. त्या काळी त्यांच्याकडे नाणी चालत नव्हती, चांदी तराजूत तोलून देत, आणि १७ शेकेल म्हणजे आजच्या मापाने २०० ग्रॅमच्या आसपास चांदी होते. त्याने खरेदीखत लिहिले, त्यावर मुद्रा केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. खताच्या दोन प्रती होत्या, एक मोहरबंद आणि एक उघडी, म्हणजे पुढे कोणी उघड्या प्रतीत फेरफार केल्याची शंका आली तर बंद प्रत फोडून ताडून पाहता यावी. चौकात बसलेल्या सगळ्या यहूद्यांदेखत ती खते त्याने आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिली आणि सांगितले की, ही मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. मातीच्या भांड्यात लेख किती टिकतात याचा पडताळा जगाला १९४७ मध्ये आला, जेव्हा मृत समुद्राजवळच्या गुहांत सुमारे २००० वर्षांपूर्वीचे हस्तलेख भांड्यांत सापडले.

उपदेशांत ही गोष्ट बहुधा येथे संपते. आपण १६ व्या वचनापासून पुढे वाचावे अशी माझी विनंती आहे. व्यवहार पुरा झाला, खत बारूखच्या हाती गेले, आणि त्यानंतर यिर्मया प्रार्थनेला बसला. तू आकाश व पृथ्वी निर्माण केलीस, तुला काहीच अवघड नाही, अशी त्या प्रार्थनेची सुरुवात आहे, पण तिचा शेवट असा आहे की, मोर्चे तटाला भिडले आहेत, नगर शत्रूच्या हाती गेल्यात जमा आहे, हे तू पाहतोसच, आणि तरीही तू मला म्हणतोस की चांदी देऊन शेत विकत घे. त्याला ते पटलेले नव्हते. खात्री वाटली म्हणून त्याने सही केली असे झाले नाही. सही आधी झाली, प्रश्न त्याने नंतर विचारला, आणि देवाने रागावून व्यवहार मोडला नाही. या देशात शेते पुन्हा विकत घेतली जातील, असे त्याला सांगितले.

म्हणून वर्ग सोडू नये असे माझे मत आहे. शरीर थकले असेल तर दोन महिने रजा घ्यावी. ती थकव्याची रजा असेल, आणि तिला अविश्वासाचे नाव देऊ नये. मुलांना 'मागाल ते मिळेल' एवढेच सांगणारे धडे सध्या दुसऱ्या कोणी घ्यावेत. आपण यिर्मया शिकवावा. त्यासाठी अभिनयाची गरज पडणार नाही.

कुंभाराकडून एक लहान गाडगे आणि झाकणी आणावी. १४ मुलांपैकी प्रत्येकाने एका कागदावर आपले नाव लिहावे आणि आपल्या गावात पुन्हा काय व्हावेसे वाटते ते एका ओळीत लिहावे, कोणी आटलेल्या विहिरीविषयी लिहील, कोणी बंद पडलेल्या शाळेविषयी. खताला साक्षीदार लागतो. वर्ग एक रविवार आपल्या घरी, खाटेजवळ भरवावा आणि प्रत्येक कागदावर आपल्या यजमानांचा अंगठा घ्यावा. खतावर डाव्या हाताचाच अंगठा लागतो, आणि तो हात त्यांचा चालतो. मग मुलांना सांगावे की यिर्मया त्या शेतात कधीच राहिला नाही. नगर पडल्यावर उरलेल्या लोकांनी त्याला त्याच्या मनाविरुद्ध मिसरात नेले, आणि तेथून तो परतल्याची नोंद नाही. त्यानंतर एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढावा. बाबेलहून परत आलेल्या घराण्यांची ती यादी आहे, नुसती नावे आणि आकडे असल्यामुळे कोणी तिचे वाचन करत नाही. २३ वे वचन एखाद्या मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे : अनाथोथचे लोक, १२८.

आपला,
ख्रिस्तातील एक बंधू